मोटारीचा 'अर्थ'

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मयावर व्याख्याने झाली, नाट्यसंगीतावर झाली, शिवकालावर झाली. अशा ठिकाणी उभे राहून जुन्या मोटारीच्या बिघडलेल्या विजेविषयी बोलणे म्हणजे पानापक्कड घेऊन देवघरात शिरण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. परंतु या वर्षात काही सभासदांनी आपापल्या छंदाविषयी बोलावे असे कार्यकारिणीने ठरविले आणि माझे नाव यादीत घातले. मी कला शाखेचा पदवीधर. पदार्थविज्ञानाचा आणि माझा संबंध दहावीनंतर सुटला तो कायमचा. पोटापाण्यासाठी केंद्र सरकारच्या लेखा खात्यात जमाखर्च तपासतो. तेव्हा आज जे सांगणार आहे ते इंजिनिअरचे शास्त्र नव्हे. एका हिशेबनिसाने वीस-बावीस वर्षे हात काळे करून मिळविलेले व्यवहारज्ञान आहे. त्यातले बरेचसे चुकांतून मिळाले, आणि त्यांतील एका चुकीची किंमत माझ्या आईने मोजली. ती चूक सांगितल्यावाचून बाकीचे सांगण्याचा मला अधिकार नाही.

प्रथम गाडीची ओळख. माझी गाडी स्टँडर्ड हेरल्ड, दोन दारांची. इंग्लंडात ही गाडी १९५९ साली 'ट्रायंफ हेरल्ड' या नावाने निघाली. तिचे रूप इटलीतील तुरीनच्या जिओव्हानी मिकेलोत्ती या आरेखकाने घडविले होते. आपल्याकडे मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कारखान्यातून १९६१ पासून ती बाहेर पडू लागली. इथे बसलेल्या ज्येष्ठांना आठवत असेल, त्या काळी रस्त्यावर मुख्यतः तीन गाड्या दिसत : अँबॅसडर, फियाट आणि ही. अँबॅसडर भारदस्त, फियाट सोशीक, आणि हेरल्ड जराशी नखरेल. मंडळातली मुले तिला 'स्पोर्ट्स कार' म्हणतात तेव्हा मी त्यांची चूक दुरुस्त करीत नाही, कारण ती पुरती चूक नाही. याच हेरल्डचा सांगाडा आखूड करून, दोन चाकांच्या जोड्यांमधले साडेएक्याण्णव इंचांचे अंतर त्र्याऐंशी इंचांवर आणून, त्याच कंपनीने १९६२ साली 'स्पिटफायर' ही दोन माणसांची उघडी स्पोर्ट्स कार काढली. तिचेही रूप मिकेलोत्तीचेच. तेव्हा माझी गाडी ही स्पिटफायरची थोरली बहीण आहे. धाकटी मैदान गाजवायला गेली, थोरली संसाराला लागली, एवढाच फरक. दोघींच्या खोड्या मात्र सारख्या. म्हणून जुन्या स्पोर्ट्स कारच्या विजेचे जे दोष सांगितले जातात ते सर्व माझ्या दारात मला पाहायला मिळाले.

या दोघी बहिणींचे एक वैशिष्ट्य म्हणजे पुढचे बोनेट. ते दिवे आणि मडगार्डांसकट सगळेच्या सगळे पुढच्या बाजूला उलटते. इंजिन चोहोबाजूंनी मोकळे होते आणि आपण पुढच्या टायरवर चक्क बसून काम करू शकतो. माझ्यासारख्या हौशी माणसाला यापरती सोय नाही. दुसरे वैशिष्ट्य असे की हिची बॉडी अखंड नाही. वेगवेगळे भाग बोल्टांनी एकमेकांना जोडून ती उभी केलेली आहे. ही दुसरी गोष्ट ध्यानात ठेवावी. सगळे नाट्य तिच्यापोटी आहे.

आता विजेची गोष्ट, आणि ती मी माझ्या खात्याच्या भाषेत सांगतो. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात की पैसा नाहीसा होत नाही. तो कोणत्या तरी खात्यात पडलेला असतो, आपल्याला सापडत नाही इतकेच. विजेचेही तसेच आहे. बॅटरीतून बारा व्होल्टांचा दाब निघाला, तर त्या बारांचा पैन् पै हिशेब वाटेवर लागला पाहिजे. थोडा तारेने खाल्ला, थोडा स्विचने खाल्ला, बाकीचा दिव्याने वापरला. बेरीज बाराच आली पाहिजे. आणि जो प्रवाह निघाला तो तेवढाच बॅटरीच्या दुसऱ्या टोकाला परत आला पाहिजे. घरात परतीसाठी दुसरी तार असते. मोटारीत तो खर्च वाचविलेला असतो. जाण्यासाठी तार, परतीसाठी गाडीचे लोखंडी अंग. या परतीच्या वाटेला सारे मिस्त्री 'अर्थ' म्हणतात. शब्द इंग्रजी आहे हे मला ठाऊक आहे. परंतु इथल्या एका वृद्ध मिस्त्रीने बोनेटखालून डोके काढून मला पहिल्यांदा सांगितले, "साब, अर्थ नहीं मिल रहा," तेव्हा मराठी साहित्य घेऊन बी. ए. झालेल्या मला वाटले, याने काय मर्माचे बोलून ठेवले! सगळे आहे, तारा आहेत, दिवे आहेत, बॅटरी आहे. फक्त अर्थ मिळत नाही.

मला तो मिळाला नव्हता त्या काळातली ती हकिकत.

२००० साली छत्तीसगड राज्य झाले आणि पुढे लवकरच माझी नागपूरहून रायपूरला बदली झाली. वडील तेव्हा नुकतेच गेले होते. त्यांनी नागपुरात जुनीच विकत घेतलेली ही गाडी, आई आणि मी असे तिघे इकडे आलो. गाडी रंग उडून कळाहीन झाली होती. वडिलांची आठवण म्हणून मी हौसेने तिला नवा रंग दिला, इंजिन बाहेर काढून आतूनसुद्धा. सांधा न् सांधा चकचकीत झाला. त्यानंतर काही महिन्यांनी दुखणे सुरू झाले. सेल्फ मारला की कण्हल्यासारखा आवाज. दिवे कधी लख्ख, कधी समईसारखे. बॅटरी चार दिवसांनी उतरलेली. मी दिवाळीला नवी बॅटरी बसविली. आठ दिवस बरे गेले. पुन्हा तेच. मग डायनॅमो बदलून घेतला. त्यासाठी एका महिन्याच्या पगाराचा मोठा भाग गेला. ज्याने बदलला त्याला मी दोष देत नाही. मी त्याला 'तपासा' म्हटले नव्हते, 'बदला' म्हटले होते. कचेरीत एखाद्या कारकुनाने हिशेब जुळत नाही म्हणून कीर्दच नवी आणली असती, तर मी त्याला काय म्हटले असते ते आपण ओळखालच.

२००३ सालच्या डिसेंबरात एका दुपारी नागपूरहून निरोप आला. आईची थोरली बहीण, आमची अक्कामावशी, अत्यवस्थ होती आणि आईचे नाव घेत होती. आगगाडीला रात्रीपर्यंत थांबावे लागणार होते, आणि आईला फलाटाचे जिने चढवत नव्हते. डायनॅमो बदलून आठच दिवस झाले होते. मी म्हटले, "आई, गाडी आता नवी झाली आहे. नऊपर्यंत अक्कामावशीजवळ असू." चारच्या सुमारास आम्ही निघालो.

राजनांदगाव मागे पडले तेव्हा दिवे लावावे लागले. बाघनदीपाशी राज्याची हद्द ओलांडली तेव्हा ते पिवळे पडले होते. देवरीच्या पुढे, जंगलाच्या रस्त्यावर, त्यांचा उजेड बोनेटच्या पुढे दहा पावलेही पडेना. समोरून येणाऱ्या ट्रकांना आमची गाडी दिसत तरी होती की नाही, देव जाणे. साकोलीच्या अलीकडे एका ढाब्यासमोर गाडी मान टाकल्यासारखी बंद पडली. मी बोनेट उलटून उभा राहिलो. आईला चालकाच्या जागेवर बसवून सांगितले की मी म्हणेन तेव्हा चोकची मूठ ओढायची आणि चावी फिरवायची. तिने दोनतीनदा तसे केले. इंजिन एकदोन आचके देऊन थांबले. आई म्हणाली, "अरे, या मुठीचा चटका बसतो आहे." मी वैतागून म्हणालो, "आई, मूठ राहू दे. तू चावी फिरव." तिने पदर हातात धरून पुन्हा मूठ ओढली आणि चावी फिरविली. पुढे काही बोलली नाही.

पुढे थोडक्यात सांगतो. धक्का मारून गाडी सुरू झाली असतीही, पण दिव्यांवाचून त्या रस्त्यावर जाणे म्हणजे आत्महत्या होती. एका बसला हात केला, ती थांबली नाही. ढाबेवाल्याने आईला खाट आणि घोंगडी दिली. ती रात्रभर बसून होती. पहाटे उजाडल्यावर ट्रकवाल्यांनी धक्का मारून दिला आणि दिवसाउजेडी, दिवे न लावता, आम्ही नागपूर गाठले. अक्कामावशी पहाटे पाचला गेली होती.

आईने मला एका शब्दाने दुखविले नाही. दिवस झाल्यावर आम्ही रायपूरला परतलो आणि मी गाडी विकायची असे जाहीर केले. तेव्हा तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "वीक. पण ती मूठ मात्र तापली होती हं. जी वस्तू थंड राहायची ती तापते कशी, एवढे तरी पाहा."

मी पाहिले, आणि लाजलो.

चोकची मूठ म्हणजे डॅशबोर्डापासून कार्ब्युरेटरपर्यंत गेलेली एक पोलादी तार. विजेशी तिचा काडीचा संबंध नाही. ती तापते तेव्हा तिच्यातून वीज जात असते, दुसरे काही संभवत नाही. पण का जावी? इंजिन हे रबरी फाउंडेशनवर बसलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिनापासून बॉडीपर्यंत तांब्याच्या तारांची विणलेली एक वेणी दिलेली असते. सेल्फला दीडशे-दोनशे अँपिअर लागतात, ते या वेणीतून परत जातात. डायनॅमोची परतीची वाटही हीच. मी हौसेने रंग दिला तेव्हा जिथे ही वेणी बॉडीला बोल्टने आवळायची, ती जागाही चकचकीत रंगविली, आणि रंगावर वेणी आवळली. रंगातून वीज जात नाही. काही महिने बोल्टच्या आट्यांतून कसेबसे भागले; पावसाळ्यात तिथे गंज धरला आणि तेही बंद झाले. मग परत जाणाऱ्या विजेने जी मिळेल ती वाट धरली : चोकची तार, अॅक्सिलरेटरची तार. बॅटरी दोषी नव्हती, डायनॅमो दोषी नव्हता. दोष जोडात होता, आणि तो मी स्वतः, प्रेमाने, रंगाखाली झाकला होता.

व्होल्टमीटरचे एक टोक इंजिनाला आणि दुसरे बॅटरीच्या अर्थाच्या टोकाला लावून सेल्फ मारला तर काटा अर्ध्या व्होल्टावर जाता कामा नये. माझा काटा पाचापलीकडे गेला. म्हणजे बारांपैकी पाच व्होल्ट त्या एका रंगाच्या पापुद्र्यात आणि चोकच्या तारेत गडप होत होते. पॉलिश पेपरने रुपयाएवढी जागा घासून लखलखीत केली, वेणी आवळली, वरून व्हॅसलीन फासले. अर्धा तास लागला. सेल्फ असा फिरला की आई आतून बाहेर आली.

गाडी विकली नाही. त्या दिवसापासून मात्र मी काही नेम पाळत आलो आहे, आणि ज्यांच्या घरी जुनी गाडी, स्कूटर, फार काय ट्रॅक्टर असेल, त्यांना ते उपयोगी पडतील म्हणून सांगतो.

पहिला नेम सुरक्षिततेचा. हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवावे. बॅटरी सोडवायची असेल तर अंगाला जोडलेले, म्हणजे अर्थाचे टोक आधी सोडावे आणि जोडताना ते शेवटी जोडावे. असे केले म्हणजे पाना चुकून लोखंडाला लागला तरी ठिणगी उडत नाही. आणि अर्थाचे टोक ऋणच असेल असे धरून चालू नये. त्या काळच्या कित्येक ब्रिटिश गाड्यांत धन टोक अंगाला जोडलेले असे. माझ्या गाडीत तसेच आहे. आजकालची नवी उपकरणे डोळे मिटून उलटी जोडली तर ती त्याच क्षणी जळतात.

दुसरा नेम : मोजल्यावाचून बदलू नये, आणि मोजायचे ते काम चालू असताना. दिवा बंद ठेवून मोजाल तर गंजलेल्या जोडातूनही मीटरला पुरे बारा व्होल्ट दिसतात, कारण प्रवाहच वाहत नसतो. बोजा पडला की खरे रूप कळते. माझा डावा हेडलाइट मंद होता तेव्हाचा हिशेब सांगतो. दिवा लावून मोजले तर बॅटरीपासून दिव्यापर्यंत जाताना पाव व्होल्ट खर्ची पडत होता. तो रास्तच. पण दिव्याच्या काळ्या तारेपासून बॅटरीच्या अर्थापर्यंत, म्हणजे परतीच्या वाटेवर, दोन व्होल्ट जात होते. दिव्याच्या वाट्याला उरले पावणेदहा. आता बल्बचा स्वभाव असा की दाब दहा टक्क्यांनी उतरला तर उजेड सुमारे तीस टक्क्यांनी उतरतो. पावणेदहा व्होल्टांवर तो जवळजवळ निम्माच राहतो. दोष कुठे? बोनेट पुढे उलटते, त्याबरोबर तारा वाकतात, आणि बिजागरीपाशी काळ्या तारेचे थिंबल सैल झाले होते. बल्ब बदलला असता तर नवा बल्बही तितकाच मिणमिणला असता.

तिसरा नेम : डायनॅमोवर संशय असेल तर त्याला एकट्याला बोलते करावे. त्याच्या दोन्ही तारा सोडाव्यात, त्याची 'डी' आणि 'एफ' ही टोके एका तुकड्याने एकत्र जोडावीत, आणि व्होल्टमीटर त्या टोकांपासून डायनॅमोच्या अंगाला लावून इंजिनाचा वेग हळूहळू वाढवावा. काटा सरसर, न अडखळता चढला तर डायनॅमो निर्दोष आहे. वीस व्होल्टांपलीकडे मात्र नेऊ नये. काटा अर्ध्या-एका व्होल्टावरच रेंगाळला तर फील्डचे वेटोळे बिघडले, चार-पाचांवर थांबला तर आर्मेचर. काहीच हलला नाही तर आधी कार्बन ब्रश पाहावेत, ते झिजलेले किंवा अडकलेले असतात. डायनॅमो चांगला निघाला तर पुढे कटआऊटची पेटी तपासावी. ही दहा मिनिटांची परीक्षा मी २००३ साली केली असती तर पगार वाचला असता. बाकीचे जे वाचले असते त्याचा हिशेब मांडता येत नाही.

चौथा नेम आमच्या तपासणीतला आहे. फरक कोणत्या महिन्यात पडला ते कळत नसेल तर आम्ही एप्रिलपासून पाने उलटीत बसत नाही. सप्टेंबरअखेरची बाकी पाहतो. ती जुळली तर चूक उत्तरार्धात, नाही तर पूर्वार्धात. मग त्याही भागाचे दोन करतो. तारेचेही तसेच करावे. बॅटरी आणि दिवा यांच्या मधोमध एखादा जोड शोधावा आणि तिथे टेस्ट लँप लावावा. टेस्ट लँप म्हणजे होल्डरमध्ये पाच वॅटचा बल्ब आणि दोन तारा. तिथवर वीज आली असेल तर दोष पुढे, नसेल तर मागे. तीनचार खेपांत चोर सापडतो. रात्रीतून बॅटरी उतरत असेल तर हाच दिवा बॅटरीचे टोक आणि तिची सोडलेली तार यांच्या मध्ये धरावा. सर्व काही बंद असूनही तो पेटला, तर कुठेतरी गळती आहे. मग एकेक तार सोडीत जावे. जी सोडताच दिवा विझतो, ती दोषी.

पाचवा नेम : रंग वाचायला शिकावे. ब्रिटिश धाटणीच्या त्या गाड्यांत तारांचे रंग ठरलेले आहेत. तपकिरी म्हणजे बॅटरीकडून थेट आलेली, चावी बंद असतानाही जिवंत. पांढरी चावी फिरविल्यावर जिवंत होते आणि इग्निशनकडे जाते. हिरवी चावीच्या ताब्यातली, ब्रेकचे दिवे आणि पेट्रोलचा काटा सांभाळणारी. निळी हेडलाइटची, तांबडी बाजूच्या व मागच्या दिव्यांची, काळी अर्थाची. एवढे पाठ झाले की वायरिंगचा गुंता बाराखडीसारखा वाचता येतो. माझ्या गाडीत मात्र मध्येच कोणीतरी लग्नाच्या मांडवात वापरतात तसली वायर सर्वत्र ओढली होती, एकाच रंगाची. ती काढून पुन्हा रंगवार तारा घालायला मला दोन दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या. त्याच वेळी, नंतर कोणी बसविलेल्या फ्यूजपेटीत सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेला एक फ्यूज सापडला. फ्यूज हा दारावरचा पहारेकरी. त्याच्या जागी असे बाहुले उभे केले की चोर तर थांबत नाहीच, घराला आगही लागते. फ्यूज उडाला तर तो का उडाला हे आधी शोधावे.

याखेरीज एक खूण घरातल्या मुलांनाही शिकवून ठेवावी. ब्रेक दाबल्यावर मागचा इंडिकेटर मिणमिणतो, किंवा इंडिकेटर लावला की टेललँप त्याच्या तालावर उघडझाप करतो, तेव्हा तिथला अर्थ गेलेला असतो. आपली परतीची वाट बंद झाली म्हणून वीज शेजारच्या बल्बच्या घरातून वाट काढते.

या गाड्यांची विजेची सामग्री बहुधा लुकासची. बर्मिंगहॅमचे जोसेफ लुकास यांच्या नावाचा हा कारखाना. आपल्याकडे १९६१ साली मद्रासला लुकास-टीव्हीएस स्थापन झाली. इंग्रज मोटारवाल्यांनी थट्टेने लुकासला 'अंधाराचा राजपुत्र' असे नाव ठेवले आहे. थट्टा गमतीची आहे, पण मला ती अन्यायाची वाटते. चाळीस-पन्नास वर्षे उन्हापावसात उभ्या असलेल्या गाडीत तांब्याची तार मधोमध क्वचितच तुटते. बिघडतात ते तिचे जोड. आपल्या रायपूरचा मे महिना पंचेचाळीस अंशांपर्यंत जातो, तेव्हा बॅटरीतले पाणी आटते आणि तारांचे रबर कडक होऊन तडकते. मग जूनमध्ये पावसाळा येतो आणि त्या तडांतून ओल शिरते. तांब्या-पितळेच्या जोडांवर हिरवट थर धरतो. आपल्या आया ज्याला कळकणे म्हणत, तेच हे. पितळेच्या भांड्यात ताक कळकू नये म्हणून कल्हई करायची असते. तारेच्या टोकाला डाग देतात ती त्या तारेची कल्हईच. दर पावसाळ्यानंतर मी एक रविवार राखून ठेवतो. प्रत्येक जोड सोडायचा, घासायचा, पुन्हा आवळायचा. काही बिघडलेले नसताना हे करायचे. शेजारी हसतात. पण त्यानंतर गाडीने मला रस्त्यात कधी थांबविले नाही.

आता एक शेवटची गोष्ट. ती मोटारीविषयी आहे आणि नाहीही.

सुवर्णमहोत्सव म्हटला की वास्तूला रंग दिला जातो, रोषणाई होते, आणि ते व्हावेच. मीही वर्गणी दिली आहे. पण रंगाने एकदा माझी वाट बंद केली होती, म्हणून भीत भीत सांगतो. जाणारी तार सर्वांना दिसते. आपली मुले पुण्याला जातात, बंगळूरला जातात, परदेशी जातात. त्यांचे दिवे लांबवर पेटलेले आपण अभिमानाने पाहतो. परतीची वाट मात्र रंगाखाली असते आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. आपण पिढ्यान् पिढ्या या छत्तीसगडच्या मातीत आहोत. सप्रे शाळेवरून जाताना मला नेहमी वाटते, मराठी घरात जन्मलेल्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले, 'दासबोध' आणि 'गीतारहस्य' हिंदीत नेले. ते दोन भाषांमधला लखलखीत घासलेला जोडच होते. मंडळ हे असेच जोड राखण्यासाठी असते : घर आणि शाळा यांतला, आजी आणि नात यांतला, इथली माती आणि तिकडचे गाव यांतला. ते दरवर्षी सोडून, घासून, पुन्हा आवळावे लागतात, काही बिघडलेले नसतानासुद्धा. आणि आपल्यापैकी कोणी कोपऱ्यातून म्हणाले, "अहो, इथे चटका बसतो आहे," तर ते वयाने कितीही थोर वा लहान असोत, त्यांना विषयातले कळत असो वा नसो, हातातली चावी बाजूला ठेवून आधी त्यांचे ऐकावे. मी ऐकले नव्हते.

आई आता नाही. गाडी आहे. आज संध्याकाळी तिच्यातूनच आलो. सुरू झाल्यावर मी रोज चोकच्या मुठीला हात लावून पाहतो. ती थंड असते.